भिंगरी उजवीकडे कलली

हॅलो?

हॅलो… ताई! अगं होतीस कुठे? सात वेळा फोन केला मी… काय? काही ऐकू येत नाही, नुसता वारा घोंघावतोय. अजून पुलावरच आहेस का? मग खाली उतर आधी. एखाद्या खांबाच्या आडोशाला जा आणि मग बोल… हां. आता आला आवाज.

ऐक. घाबरू नकोस. भिंगरीला हॉस्पिटलात नेतेय.

आत्ता. म्हणजे या क्षणी. दुकानाला कुलूप लावतेय… अगं एका हातात कुलूप आणि कानाला तू.

नाही, पडली-बिडली नाही. पोट दुखतंय तिचं.

हो… हो, माहितीये… अगं ताई, मला माहितीये तुझ्या लेकीचं पोट आठवड्यातून चारदा दुखतं! गोचीड चावून तिला हा आजार जडला त्याला दोन वर्षं झाली. आधी गुडघा, मग डोकं, मग त्या औषधांनी पोट. मी काय कालची आहे का? तुझा तो कागद माझ्या मशीनच्या वर चिकटवलाय, पाठ झालाय मला. "पोट दुखलं तर गरम पाण्याची पिशवी, निळ्या डबीतली गोळी, अर्धा तास आडवं पडणं, उगाच धावपळ नको." शेवटच्या ओळीखाली दोन रेघा. पेनाने कागद फाटलाय तिथे.

पण हे ते नाही, ताई. हे नेहमीचं नाही.

कशावरून? झग्यावरून.

चेष्टा कसली करतेय! झग्यावरून म्हणजे झग्यावरून. थांब, काका गाडी आणतायत… आपले शेजारचे चाव्यावाले काका. त्यांच्या सामानाच्या गाडीतून नेतोय, मागे आडवं पडता येतं म्हणून. काका, मी मागे बसते तिच्याजवळ! तो चाव्यांचा खोका पुढे घ्या, पायात येतोय… हळू. हळू गं राणी. माझ्या गळ्यात हात टाक. पाय पोटाशीच राहू दे, सरळ नको करू… झालं. बसलो, ताई. निघालो.

वीस मिनिटं लागतील. तेवढ्यात सगळं सांगते. फक्त मध्ये तोडू नकोस.

सकाळी दहाला तिला कापड कापायच्या टेबलावर उभं केलं. शाळेच्या नाटकातला चंद्र… हो तोच, रुपेरी झगा, घोट्यापर्यंतचा. खालची दुमड तेवढी राहिली होती. आता भिंगरी कशी उभी राहते हे मला झोपेतून उठवून विचार. डावा गुडघा दुखरा, म्हणून भार उजव्या पायावर, म्हणून डावी बाजू अर्धं बोट खाली. दोन वर्षं तिचे कपडे त्या अंदाजानेच बेततेय मी. लाकडी पट्टी टेबलावर उभी धरली, तिच्याभोवती गोल फिरवली, खडूची रेघ मारली. झगा काढून पसरते तर डावीकडे काहीच नाही, आणि उजवीकडे पुढून रेघ एक बोट वर चढलेली.

मला वाटलं, कापड सुटलं. हे चकाकतं कापड तिरकं, क्रॉस कापलं की लोंबतंच. म्हटलं असेल. अकराला परत चढवला, परत रेघ. आता उजवीकडे दोन बोटं!

मग मला राग यायला लागला. बावीस वर्षं दुमडी घालतेय आणि माझी रेघ वाकडी? आधी पट्टीला शिव्या दिल्या, मग कापडाला, मग ज्या दुकानातून कापड आणलं त्याला. नाचता येईना अंगण वाकडं. आणि शेवटी… ताई, शेवटी तिलाच ओरडले. म्हटलं, "सरळ उभी राहा गं, काय वेडीवाकडी उभी राहतेस!"

हो… हो, कळलं, माझं मलाच कळलं, पुढचं ऐक ना.

बाराला तिसरी रेघ. या वेळी झगा काढावाच लागला नाही, अंगावरच दिसत होतं. चार बोटं! पुढून घेर टेबलाला टेकलेला. तेव्हा कुठे माझी मान वर गेली. दोन तास मी त्या पोरीच्या फक्त घोट्यांकडे बघत होते. वर बघते तर पोर उजवीकडे वाकलीये, उजवा गुडघा मुडपलाय, मूठ अशी दाबून धरलीये… पोटावर, उजवीकडे खाली… आणि ओठ दाताखाली. चेहरा घामाने चिंब. तोंडातून हूं नाही की चूं नाही.

विचारलं ना! कुठे दुखतंय म्हटलं. तर म्हणाली, "नेहमीचंच."

अगं तेच तर सांगतेय! तिच्या बोलण्यावर जाऊ नकोस तू.

काका, पुढे गतिरोधक आहे, हळू… हळू!… आई गं… झालं, राणी, गेला तो, गेला… ताई, गाडी जरा उसळली की ही पोट धरते. प्रत्येक धक्क्याला. नेहमीचं दुखतं तेव्हा गाडीत काय करते? झोपते ना खुशाल? तूच सांगितलंयस, पोट दुखलं की गाडीतून चक्कर मारून आणते म्हणून. मग?

सकाळी टोस्टला हात लावला नाही. मला वाटलं, परवा नाटक आहे, धाकधूक असेल… ताप आहे थोडा, शंभर. जास्त नाही. एक उलटी झाली… नंतर. दुखणं आधी, उलटी नंतर. काल रात्री बेंबीभोवती दुखत होतं म्हणे… हो, आता सांगतेय, खोदून खोदून विचारल्यावर! रात्री बेंबीपाशी, सकाळी सरकत सरकत उजवीकडे खाली. आणि आता तिथेच ठाण मांडून बसलंय. मला सांग, तुझं ते गोचिडीचं दुखणं असं एका जागी बसतं का कधी? आज गुडघा, उद्या मनगट, परवा मान. ते भटकं दुखणं, ताई. हे बैठं आहे. आणि तासातासाला वाढतंय.

मी नाही ठरवलं! तू फोन उचलत नव्हतीस म्हणून मुलांच्या दवाखान्याचा तो नंबर फिरवला. एक सिस्टर बोलली. आवाज असा शांत, मला वाटलं हिला काही पडलेलीच नाही. पण प्रश्न कसे नेमके! आधी कुठे, मग कुठे, भूक आहे का, खोकल्यावर दुखतं का, एका पायावर उडी मारता येते का. म्हटलं, भिंगरे, एक उडी मार बघू. चांगल्या पायावर, उजव्या. तिने नुसती टाच उचलली आणि मान हलवली. सिस्टर म्हणाली, अपेंडिक्स असू शकतं. असू शकतं म्हणाली, आहे असं नाही. पण हे फोनवर ठरत नाही, लगेच दाखवा. काही खायला द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही, पोट चोळायचं नाही, शेकायचं नाही.

नाही शेकलं. पण पिशवी भरली होती, ताई. तुझ्या कागदावर लिहिलंय ना, म्हणून भरली होती. हातात होती माझ्या. मग म्हटलं आधी फोन करू.

निळ्या डबीतलीही नाही दिली. शपथ.

वही घेतलीये. सगळ्या औषधांची यादी, किती वाजता कुठलं, सगळं. पिशवीत आहे.

काय म्हणालीस?

परत म्हण जरा.

हं. साप म्हणून भुई धोपटतेय मी. बरं.

नाही आला राग. खरंच नाही. अगं ऐक ना… मला ठाऊक आहे तू का अडतेस. दीड वर्षं दारोदार हिंडवलं तुला. एक म्हणाला वाढीच्या वयातलं दुखणं, दुसरा म्हणाला शाळा चुकवायचे धंदे, आणि तिसऱ्याने तर तुलाच झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. दुधाने तोंड पोळलंय तुझं. आता परत एका दारात उभं राहायचं, परत कुणीतरी फाईल चाळायची आणि गालात हसायचं, नकोच वाटतं ते. कळतं मला.

आणि हसणाऱ्यांत मीही होते.

होते, ताई. "रोज काय नवीन नाटक असतं हिचं," असं म्हणाले होते. तुझ्याच स्वयंपाकघरात. दार उघडं होतं.

नाही, आता बोलू दे मला. तिने ऐकलं होतं ते. मघाशी विचारलं तिला, काल रात्री मला उठवलं का नाहीस गं? मी बाजूच्याच खोलीत होते. तर म्हणते कशी… "तुला नाटक वाटतं ना."

ताई?

आहेस ना?

रडू नकोस. मीही रडत नाहीये. सर्दी आहे मला… हो, आत्ताच झाली.

रोज मरे त्याला कोण रडे म्हणतात, ते आपणच केलं बघ पोरीचं. तू कागद चिकटवून, मी तोंड वाजवून… बरं, बरं, माझंच जास्त. वाटणी नंतर करू. आता तू निघ तिकडून. किती तास?… चार? मग बोलत काय बसलीस? शंभर वर्षं उभा आहे तो पूल, तुझी तपासणी एक दिवस राहिली तर कुठे पळून जात नाही! साहेबांना सांग, जीप घे आणि निघ. भाऊजी जहाजावर, त्यांना आज फोन लागायचा नाही. म्हणजे हो-नाही जे काय म्हणायचं ते तूच म्हणायचंस. फोन चालू ठेव.

काका, सिग्नल हिरवा झाला! अहो हळू म्हटलं म्हणजे थांबा नाही म्हटलं!

अगं काका असे चालवतायत की मागे अंडी ठेवलीयेत. मागून हॉर्नचा नुसता पाऊस. एका स्कूटरवाल्याने खिडकीत येऊन त्यांचा उद्धार केला. काकांनी नुसतं मागे बोट दाखवलं, आणि तो बिचारा आता आमच्यापुढे वाट करून देतोय… खरंच!

पोचलो. पोचलो, ताई! काका, अगदी दारापाशी घ्या. अहो भाऊ, व्हीलचेअर… नाही, चालवत नाही न्यायची हिला. नऊ वर्षांची आहे, पोटात दुखतंय, उजवीकडे… ताई, फोन खिशात टाकतेय, ठेवू नकोस हं!

हॅलो? आहेस?… हां. इमर्जन्सीत आहोत. केसपेपर झाला, तिला झोपवलंय, म्हणजे कुशीवर, पाय पोटाशी. डॉक्टर आलेत. तरुण आहेत, डोळे तांबारलेले, बहुतेक ड्युटी संपत आलीये. वही हातात घेतलीये… वाचतायत… पानं उलटतायत… अजून वाचतायत. ताई, तू फार बारीक लिहितेस गं.

काय म्हणालात, डॉक्टर? "जुना आजार आहे, पोटदुखीच्या नोंदी बऱ्याच आहेत, मुलगी स्वतःही नेहमीचंच म्हणते, तर उद्या तिच्या नेहमीच्या डॉक्टरांना"…

ऐकलंस? ऐकलंस, ताई?… नाही, तू नको बोलूस. स्पीकर नाही लावत. मी बोलते.

डॉक्टर, एक मिनिट. ती खोटं बोलतेय… हो, मी मावशी. शिंपीण आहे. वैद्यकीतलं मला ओ की ठो कळत नाही. पण हे बघा. झगा तिच्या अंगावर तसाच आहे, बदलायलासुद्धा थांबले नाही. ही खालची रेघ दहा वाजताची, ही मधली अकराची, ही वरची बाराची. तिन्ही मी टेबलापासून सारख्या उंचीवर मारल्यात. सारख्या! आता उजवीकडे बघा, किती चढत गेल्यात. दर तासाला ही किती वाकत गेली ते इथे आहे. आणि तिचा दुखरा गुडघा डावा. डावा! दोन वर्षांत ती एकदाही उजवीकडे झुकलेली नाही. वहीत दोन वर्षांचं लिहिलंय, डॉक्टर. आजचं इथे आहे.

ताई… खाली वाकून बघतायत. बोटं लावून मोजतायत… स्टूल ओढलं. बसले. तिला उताणी व्हायला सांगतायत. दाबणार आहेत पोट.

डावीकडून सुरुवात केलीये. हळूहळू… आणि ही बया छताकडे बघतेय! ओठ मिटून! "दुखतं का?" तर म्हणे "थोडंसं." अगं मूठ बघ ना तुझी, चादर फाडशील! काय करू हिला?

थांब जरा. फोन इथे उशीजवळ ठेवते.

भिंगरे. इकडे बघ. छताकडे नाही, माझ्याकडे. मी त्या दिवशी आईच्या स्वयंपाकघरात जे बोलले ना, ते चुकलं माझं. साफ चुकलं. तुझं नाटक नव्हतं, माझी अक्कल गहाण पडली होती… हसू नको, पोट हलेल. आता डॉक्टर दाबतील आणि सोडतील. दुखलं तर ओरडायचं. जेवढं दुखेल तेवढं. शहाण्या मुलीसारखं गप्प राहायचं नाही, गप्प राहिलीस तर मी रागावेन. अख्खं हॉस्पिटल गोळा झालं तरी चालेल. काय?… हो, खरंच. मी आहे इथे.

दाबा, डॉक्टर.

ताई! ऐकलंस? ऐकलंस ना? अगं पुलावरच्या माणसांनाही ऐकू गेलं असेल! दाबल्यावर नाही, हात काढल्यावर! शेजारच्या खाटेवरचं बाळ दचकून उठलं!

डॉक्टरांचा चेहराच बदलला. आता घाई बघ. सिस्टरना हाक, सलाईन, रक्त, सोनोग्राफी… सर्जनला फोन लावलाय… हो डॉक्टर, काल रात्रीपासून. नाही, काही खाल्लं नाही. पाणी दोन घोट, अकराच्या सुमारास. औषधं शेवटच्या पानावर आहेत, ज्याखाली रेघ आहे ते आज दिलेलं नाही… ताई, तुझ्या वहीला ते "उत्तम" म्हणाले. हो, तोंडावर. तुझं अक्षर लागलं त्यांना.

म्हणतात, अपेंडिक्सचीच लक्षणं दिसतायत, सोनोग्राफी करून पक्कं सांगतो. असलं तर आजच ऑपरेशन. फुटायच्या आत आलात असं वाटतंय म्हणाले. आणि म्हणाले, आधीचा आजार असला की नवा त्याच्यामागे लपतो, माझंही तेच झालं असतं. स्वतःहून म्हणाले गं. भला माणूस आहे. उद्यावर टाकलं असतं तर… नाही. नाही बोलत पुढचं.

संमती हवीये. देते फोन त्यांच्याकडे. नीट ऐक सगळं, विचारायचं ते विचार, आणि मग हो म्हण… घ्या डॉक्टर, तिची आई.

हां, मीच. म्हणालीस ना हो?… शहाणी माझी ताई.

आभार-बिभार राहू दे बाजूला. तू पोच आधी.

काय?… काही नाही गं, ही विचारतेय आता चंद्र कोण होणार. शाळेला म्हणावं अमावास्या दाखवा! हसू नकोस म्हटलं ना, भिंगरे!

काय सिस्टर? झगा कापायचा? कापा की. हो, मीच शिवलाय, म्हणून तर सांगतेय, कापा! बाजूच्या शिवणीवरून घ्या कात्री, लवकर सुटेल… आणा इकडे, मीच कापते. हं. झालं. हा घ्या हात मोकळा.

नेतायत तिला, ताई. सोनोग्राफीला. मी दारापर्यंत आले, आत नाही सोडत, दोनच मिनिटं म्हणतात… तू बसलीस का जीपमध्ये? बेल्ट लाव. ड्रायव्हरला सांग, लवकर पण नीट. आता तुझ्यासाठी वेगळी खाट नको मला.

एक मिनिट… श्श्. थांब.

ओरडतेय.

नाही गं, रडत नाहीये, ओरडतेय! चांगली घसा फोडून! ऐकू येतंय तुला?… ताई, राग मानू नकोस, पण ती आई नाही म्हणत. "मावशी, दुखतंय" म्हणतेय. मावशी म्हणतेय गं ती!

अहो सिस्टर, उघडा दार, मला बोलावतेय ती… मला! दिसत नाही का, मीच मावशी! ठेव ताई, ठेव… आले गं, भिंगरे, आले, आले!